हरकतीचे व्याकरण

तालुक्याच्या गावात मराठीच्या अध्यापकाकडे काही कामे न मागता चालून येतात. लग्नपत्रिकेचा मजकूर तपासणे, निवृत्तीच्या समारंभासाठी मानपत्र लिहिणे, श्रद्धांजलीच्या जाहिरातीत बसेल असे विशेषण सुचवणे आणि अर्ज लिहून देणे. भोकरमध्ये आम्ही दोघे गेली कित्येक वर्षे ही सेवा करीत आलो आहोत. मानपत्रांविषयी पुन्हा केव्हातरी लिहू. तो स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. आज एका अर्जाविषयी सांगायचे आहे, कारण त्या अर्जाने आम्हांला आमच्याच विषयातील एका प्रश्नापुढे उभे केले.

नांदेडहून भोकरमार्गे तेलंगणातील भैंसा आणि निर्मळकडे राष्ट्रीय महामार्ग ६१ जातो. जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही त्याचा २२२ हाच क्रमांक आहे. अशा वाहत्या रस्त्यांवरच्या इतर गावांप्रमाणे आमचे गावही रस्त्याच्या कडेकडेने वाढले. गावाच्या एका टोकाला असलेल्या पेट्रोल पंपावर एक छोटी खोली होती. ऑइलचे डबे, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे आणि मोबाइलचे चार्जर एवढाच तिचा संसार. ती पाडून तेथे मोठे दुकान करायचे, चहा-नाश्त्याची सोय करायची आणि ते रात्रभर उघडे ठेवायचे, असा बेत असल्याची वार्ता आली. पंपामागच्या गल्लीने हरकत घ्यायचे ठरवले. एका संध्याकाळी निवृत्त मुख्याध्यापक असलेले एक गुरुजी चौघांना घेऊन आमच्याकडे आले. "सर, तुम्हीच लिहून द्या. आमचं लिहिलेलं साहेब वाचत नाहीत," असे म्हणून त्यांनी वहीचा एक कागद पुढे केला. त्यावर अकरा मुद्दे होते. आमच्यापैकी एकाचे घर त्याच गल्लीत आहे, हे येथेच सांगून टाकलेले बरे. म्हणजे पुढील लेखन तटस्थ असल्याचा आव आणायला नको.

कोणताही मजकूर समोर आला की तो कोणाला उद्देशून आहे आणि काय लपवतो आहे हे पाहण्याची खोड आम्हांला वर्गात लागलेली आहे. म्हणून तो कागदही आम्ही कवितेसारखाच वाचला. अकरांपैकी तीनच मुद्दे जागेविषयी होते. पंपावर वळणाऱ्या वाहनांमुळे शाळेच्या मुलांना रस्ता ओलांडता येत नाही, टाक्यांच्या जवळ गॅसची शेगडी पेटणार, आणि गल्लीच्या तोंडाशी गाड्या उभ्या राहणार. उरलेले आठ मुद्दे माणसांविषयी होते. 'बाहेरची माणसे येतील', 'नको ती वर्दळ वाढेल', 'आया-बहिणींना संध्याकाळी बाहेर पडणे अवघड होईल', 'वस्तीचे वातावरण बिघडेल'. पहिल्या क्रमांकावर, जाड अक्षरांत, 'पुढेमागे तेथे दारू विकली जाईल' हा मुद्दा होता. चालकाने दारूचा शब्दही काढलेला नव्हता. गुरुजींना तसे विचारले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "सर, दारू लिहिल्याशिवाय अर्ज हलत नाही."

गुरुजींचे हे वाक्य आम्हांला त्या कागदावरच्या सर्व मुद्द्यांहून अधिक महत्त्वाचे वाटले.

'हरकत' हा शब्द अरबीतून फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत आला. मुळात त्याचा अर्थ हालचाल, गती. हिंदी-उर्दूत 'हरकत' म्हणजे कृत्य, बहुधा न शोभणारे. गाण्याच्या बैठकीत हरकत म्हणजे स्वराची चपळ, देखणी हालचाल. मराठीने मात्र त्याच शब्दाचा अर्थ उलटा फिरवून तो हालचालीला घातलेला अडथळा असा केला. त्या अडथळ्याचा अभाव दाखवण्यासाठी 'हरकत नाही' हा वाक्प्रयोग घडवला, आणि तो आपण दिवसातून वीस वेळा वापरतो. मराठवाड्यात हा शब्द अधिक मुरला असेल तर नवल नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही हैदराबाद संस्थानात होतो आणि कचेरीची भाषा उर्दू होती. आमच्याकडील म्हातारी माणसे आजही अर्जाला दरखास्त म्हणतात. पुढे मराठी राजभाषा झाली आणि 'ना हरकत प्रमाणपत्र' हा समास रूढ झाला. हा समास मोठा चमत्कारिक आहे. एखाद्या गोष्टीच्या नसण्याचे प्रमाणपत्र! आणि हरकत कोणाची नाही, हे त्या शब्दात कोठेच नाही. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर तेथे कर्ताच गायब आहे.

पेट्रोल पंपाच्या बाबतीत हा गायब कर्ता कोण, हे शोधून पाहिले. पेट्रोलियम नियम, २००२ प्रमाणे नव्या पंपाला जिल्हा प्राधिकाऱ्याचे, म्हणजे बहुधा जिल्हाधिकाऱ्याचे, ना हरकत प्रमाणपत्र लागते. परवाना पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना देते. तिचे मुख्यालय नागपुरात आहे. परवाना मिळालेल्या जागेच्या मंजूर आराखड्यात बदल करायचा तर आधी परवानगी घ्यावी लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ७ जानेवारी २०२० रोजी मार्गदर्शक सूचना काढून अंतरेही ठरवून दिली. नवा पंप शाळा, दहा किंवा अधिक खाटांचे रुग्णालय आणि निवासी म्हणून ठरलेला भाग यांपासून ५० मीटरच्या आत नसावा. जागेची अडचणच असेल तर जादा सुरक्षा घेऊन ३० मीटर, त्याहून कमी कधीही नाही. हे अंतर टाकी भरण्याचे तोंड, इंधन सोडणारे यंत्र किंवा वाफ बाहेर टाकणारी नळी यांपैकी जे जवळ असेल तेथून मोजायचे. भाषेच्या दृष्टीने हे वाक्य आम्हांला फार आवडले. येथे 'वातावरण' नाही, 'वर्दळ' नाही. नळी आहे आणि मीटर आहेत.

पण या सूचना नव्या पंपांसाठी आहेत. आमच्या गल्लीमागचा पंप जुना आहे, आणि येथे वाचकांपुढे एक कबुली द्यावी लागते. तो झाला तेव्हा आजूबाजूला शेते होती. शेतांचे प्लॉट नंतर पडले, 'हायवे टच' म्हणून वाढीव भावाने विकले गेले आणि आमच्यासारख्या नोकरदारांनीच ते घेतले. पंप वस्तीत आलेला नाही. वस्ती पंपाकडे चालत गेली आहे. ज्या रस्त्याच्या जवळिकीसाठी आपण पैसे मोजले, त्या रस्त्यावरून येणारी माणसे मात्र आपल्याला नको आहेत. हा मुद्दा बोलण्यात निघाला तेव्हा चौघांपैकी एकजण हसला. गुरुजी हसले नाहीत.

पंपावरचे दुकान ही आता अपवादाची बाब राहिलेली नाही, याचीही नोंद घ्यावी. तेल कंपन्यांनी २०१८ च्या अखेरीस देशभरात पन्नास हजारांहून अधिक नव्या पंपांसाठी जाहिराती काढल्या. पंप वाढले की प्रत्येकाच्या वाट्याचे इंधन कमी होते, आणि लिटरमागे मिळणाऱ्या ठरलेल्या कमिशनवर भागत नाही. मग चालक दुकानाकडे वळतो. अमेरिकेत हे चक्र पुष्कळ आधी फिरले. आज जगभर पसरलेल्या सेव्हन-इलेव्हन या दुकानांचा उगम १९२७ साली डॅलस शहरातल्या एका बर्फाच्या गोदामात आहे. तेथे बर्फाबरोबर दूध-पाव विकायला सुरुवात झाली. तिकडे पंपावरचे असे दुकान वाढवायचे तर बहुतेक नगरांत शेजाऱ्यांची जाहीर सुनावणी होते, कारण घरे कोठे आणि दुकाने कोठे हे ठरवण्याचा नगराचा अधिकार त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ सालीच मान्य केलेला आहे. या सुनावण्यांतही 'बाहेरची माणसे' हा मुद्दा वेष पालटून येतोच. वाहतूक, उजेड, आवाज या शब्दांत तो तेथे बसवला जातो. आपल्याकडे मात्र सगळे काही बाटलीत भरले जाते.

याचे कारण गुरुजींच्या वाक्यात आहे. महाराष्ट्रात शेजाऱ्याच्या हरकतीला कायद्याने खरोखर ऐकणारा कान दिला तो दारूच्या बाबतीतच. राज्य शासनाच्या २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली, की दारूच्या दुकानाविषयी गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हे असतात. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी बाटली आडवी केली तर दुकान बंद होते. मतदानाला न आलेली बाई आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते, इतकी ही अट कडक आहे. तरीही कित्येक गावांनी बाटली आडवी केली. बायकांनी सामूहिक हरकत घेण्याचा, त्यात स्वतः कर्ता होण्याचा हा महाराष्ट्रातला मोठा अनुभव आहे. ग्रामीण स्त्रीच्या आवाजाविषयी चर्चासत्रांत निबंध वाचणाऱ्या आम्हां मंडळींनी त्याच्याकडे पुरेसे पाहिलेले नाही.

पुढचे प्रसंगही असेच. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा निर्णय दिला. वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी ते अंतर पुढे २२० मीटरवर आले, आणि जुलै २०१७ मध्ये नगरपालिकांच्या हद्दींना त्यातून वाट मिळाली. मधल्या काळात काही राज्यांनी तर रस्त्यांचे वर्गच बदलून टाकले. दुकान जागचे हलले नाही. महामार्गच महामार्ग राहिला नाही. नाव बदलून वस्तुस्थिती बदलण्याचा असा प्रयोग कोणत्याही कादंबरीकाराला सुचला नसता. मग २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फूट किंवा त्याहून मोठ्या सुपरमार्केटांत आणि दुकानांत वाइन ठेवण्यास मान्यता दिली. शेजारच्या दुकानाचा विस्तार हा विषय तेव्हा प्रथमच राज्यभर बोलला गेला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, सरकारने नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या, पुढे सरकार बदलले आणि निर्णय मागे पडला. त्या काळात 'वाइन म्हणजे दारू नव्हे' या एका वाक्यावर जेवढा खल झाला, तेवढा अर्थविचार आमच्या एम.ए.च्या वर्गातही होत नाही. मार्च २०२५ मध्ये तर उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधिमंडळात जाहीर केले, की गृहनिर्माण संस्थेच्या आवारात नवे बिअर किंवा दारूचे दुकान काढायचे तर त्या संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र लागेल. गायब कर्ता अखेर सापडला, पण बाटलीपुरताच.

दुकान रात्रभर उघडे ठेवण्याविषयी तर हरकतीला जागाच उरलेली नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकाने वर्षभर उघडी ठेवता येतात, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये शासनाने चोवीस तासांची मुभा स्पष्ट शब्दांत सांगितली. त्यातून वगळली ती पुन्हा दारूचीच ठिकाणे. म्हणजे टाकीची भीती आणि बाटलीची भीती, एवढ्या दोनच भीती आपली व्यवस्था ऐकून घेते. मग शेजाऱ्याची प्रत्येक अस्वस्थता या दोहोंपैकी एकीचे कपडे घालून कचेरीत जाते. खरी अडचण जाते, तसाच खोटा गंडही जातो, आणि कपडे सारखे असल्यामुळे दोहोंतला फरक कचेरीला कळत नाही. कधीकधी अर्जदारालाही कळत नाही.

आता त्या 'बाहेरच्या माणसां'विषयी. रात्री अकरानंतर आमच्या रस्त्यावर कोण असते? ट्रकचालक असतात. हंगामात ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या असतात. किनवट-हिमायतनगरकडून नांदेडच्या दवाखान्यात रुग्ण घेऊन निघालेल्या जीपा असतात, आणि त्यांत बाळंतिणी आणि म्हाताऱ्या असतात. त्यांना चहा हवा असतो, तापलेले दूध हवे असते, आणि सर्वांत आधी स्वच्छतागृह हवे असते. पंपावर ते असावे असा दंडक आहे. रात्री त्याला कुलूप असते हा बहुतेक बायकांचा अनुभव आहे. आमच्या घरात त्या संध्याकाळी ही चर्चा चालू असताना आतून चहा घेऊन आलेल्या घरच्या बाईंनी उभ्या उभ्या विचारले, "दुकान झालं तर संडासाचं कुलूप काढतील का हो?" अकरा मुद्द्यांच्या त्या कागदावर 'आया-बहिणीं'चा उल्लेख होता, हा प्रश्न नव्हता. आया-बहिणींच्या नावाने लिहिलेला मुद्दा आया-बहिणींना विचारून लिहिलेला नव्हता, इतके तरी त्यावरून सिद्ध झाले.

जेन जेकब्झ यांनी १९६१ साली अमेरिकन महानगरांविषयी जे पुस्तक लिहिले, त्यात रस्ता सुरक्षित कशाने राहतो याचे उत्तर आहे. पोलिसांनी नव्हे, उशिरापर्यंत उघड्या असणाऱ्या दुकानांनी आणि त्यांतून बाहेर लागलेल्या डोळ्यांनी. त्यांच्या रस्त्यावरची माणसे घराची किल्ली विश्वासाने ओळखीच्या दुकानदाराकडे ठेवून जात. हे वाचले की वाटते, मग दुकान व्हावेच. अंधाऱ्या पंपापेक्षा उजेडातले दुकान बरे. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराण्याचे एक लहान दुकान आहे. एक विधवा बाई ते चालवतात. आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडे असते. उधारीची वही त्यांच्याकडे असते, शाळेतून आलेले पोर आई येईपर्यंत त्यांच्याच पायरीवर बसते. पंपावर काचेचे थंडगार दुकान आले तर तेथे हिशेब यंत्र करील, पोरे पगारी असतील, सहा महिन्यांनी बदलतील. त्या दुकानाला उजेड असेल. जेकब्झ यांना अभिप्रेत असलेले डोळे असतीलच असे नाही. या प्रकरणातली सर्वांत खरी हरकत आमच्या मते या बाईंची होती. अकरा मुद्द्यांत तिचा पत्ता नव्हता, कारण तिला ना टाकीचे कपडे बसत होते, ना बाटलीचे.

आणि आम्ही? दलित साहित्य शिकवताना आम्ही गावकुसाबाहेरच्या माणसाविषयी बोलतो. १९७२ चे 'गोलपिठा' शिकवताना शहराने नाकारलेल्या वस्तीला भाषा कशी मिळाली हे सांगताना आवाज किंचित चढतो. ग्रामीण साहित्याच्या तासाला ऊसतोड कामगार येतो, त्याचे टिपण मुले उतरवून घेतात. तोच कामगार रात्री चहा प्यायला घरामागच्या दुकानात येणार म्हटल्यावर आमच्यापैकी एकाच्या मनात पहिल्यांदा आला तो प्लॉटच्या भावाचा विचार. हे लिहिताना संकोच होतो. पण ज्या धड्यावर आपण परीक्षेत प्रश्न काढतो, त्या धड्याचे उत्तर आपल्यालाही कधीतरी द्यावे लागणारच.

शेवटी आम्ही अर्ज लिहिला. 'वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की' हा कर्मणी प्रयोग टाळला आणि 'आम्ही खाली सह्या करणारे रहिवासी' अशी सुरुवात केली. दारूचा मुद्दा काढला. माणसांविषयीचे सगळे मुद्दे काढले. मंजूर आराखड्यातला बदल नागपूरच्या कार्यालयाने तपासावा आणि शेगडीपासून टाकीपर्यंतची अंतरे रहिवाशांसमोर मोजावीत. पंपात शिरण्याची आणि बाहेर पडण्याची वाट शाळेच्या वेळेचा विचार करून ठरवावी, गल्लीचे तोंड मोकळे ठेवावे. लहान दुकानदारांचे म्हणणे परवानगीपूर्वी ऐकावे. आणि दुकान झाले तर स्वच्छतागृह रात्रभर उघडे व उजेडात असावे. गुरुजींनी तो चष्मा लावून दोनदा वाचला. "भाषा चांगली आहे, सर," ते म्हणाले, "पण ही तर मागणी झाली. हरकत कुठं आहे यात?"

सह्यांचा कागद आमच्याकडे येण्यापूर्वीच तयार होता. आपल्याकडे आधी सह्या होतात, मजकूर मागाहून जोडला जातो. आमच्यापैकी एकाने गल्लीतला रहिवासी म्हणून त्यावर सही केलेली होती. आठवड्याने तहसील कार्यालयाचा पोच शिक्का असलेली प्रत पाहायला मिळाली. टंकलेखन केंद्रात अर्ज पुन्हा बदलला गेला होता. आमचे पहिले दोन मुद्दे राहिले होते. स्वच्छतागृह गेले होते, किराण्याचे दुकान गेले होते, आणि त्यांच्या जागी 'बाहेरील व्यक्तींचा वावर' व 'भविष्यात मद्यविक्रीची दाट शक्यता' ही वाक्ये शुद्ध, निर्दोष मराठीत उभी होती. खाली चौदाव्या क्रमांकावर आमची सही होती. किराणावाल्या बाईंची नव्हती. त्यांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "ड्रायव्हर लोकच तर माझं गिऱ्हाईक आहेत सर, त्यांच्यावर कशी सही करू?"

गेल्या सोमवारी आम्ही दोघांच्याच सहीने दुसरा अर्ज दिला. त्यात पहिल्या अर्जातल्या चौदाव्या सहीचा खुलासा आहे आणि गळालेले दोन मुद्दे आहेत. टपालाच्या टेबलावरच्या कारकुनाने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "सर, याचा विषय काय टाकू? बाजूने आहे की विरोधात?" थोडा वेळ वाट पाहून त्याने आवक रजिस्टरमध्ये 'किरकोळ' असे लिहिले.